एक दात कमी

तमाम नागरिकांना, विशेषतः बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या वाहनधारकांना, वाहनचालकांना आणि वाहनाखाली येता येता वाचलेल्यांना, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मनुष्याच्या आयुष्यात दात ही फार जबाबदारीची गोष्ट आहे. एक दात इकडचा तिकडे झाला तर चांगला चाललेला संसार हेलपाटतो. कृपया नोंद घ्यावी.

मी दातांचा डॉक्टर आहे, त्यामुळे ही माझ्या धंद्याची जाहिरात वाटण्याचा संभव आहे. तसं नाही. मी म्हणतोय तो दात तोंडातला नव्हताच. तो हातभर लांबीच्या एका विजेच्या गाडीतला होता, गोटीएवढ्या एका चाकाचा, आणि त्या एका दातापायी सर्जेआबांनी आम्हा सगळ्यांना जो वैताग दिला, आणि स्वतः जो भोगला, त्याला तोड नाही.

सर्जेराव काळोखे माझ्या दवाखान्यासमोर राहायचे. गेल्या उन्हाळ्यात दुपारचं जेवण करून आडवे झाले ते उठलेच नाहीत. ब्रेक न लावता, हॉर्न न वाजवता गेले, आणि हे त्यांच्या शिकवणीच्या अगदी विरुद्ध झालं.

आबांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. बारामतीत ज्याला गाडी येते त्याला ती बापाने शिकवलेली असते, नाहीतर आबांनी. आणि दोन्हीकडे अपमानाचं प्रमाण साधारण सारखंच. त्यांच्या पांढऱ्या गाडीला लाल अक्षरातली 'एल'ची पाटी होती आणि डॅशबोर्डवर चुन्याची डबी उभी असायची. ही डबी म्हणजे परीक्षक. गिअर बदलताना गाडीला हिसका बसला आणि डबी पडली, की आबा शांतपणे म्हणायचे, "चला माघारी." मग पुन्हा एमआयडीसीच्या पहिल्या चौकापासून सुरुवात. दुसऱ्या पाळीचे कामगार मोटारसायकलवरून जाताना आम्हाला बघायचे, आणि पाळी सुटून घरी परततानाही आम्ही त्यांना तिथेच दिसायचो.

विद्यार्थ्यांची खरी नावं आबा कधी लक्षात ठेवत नसत. गिअर टाकताना ज्याचा जसा आवाज व्हायचा ते त्याचं नाव. मी 'खर्रर्र डॉक्टर'. इंदापूरची शिल्पा म्हणून एक मुलगी बारामतीला मावशीकडे राहून शिकायला यायची, ती 'कर्रकर्र'. तिचं पुढे लग्न झालं, इंदापुरात पशुखाद्याचं दुकान झालं, दुकानाची टेंपोची फेरी ती स्वतः मारू लागली, तरी आबांच्या लेखी कर्रकर्रच.

नवशिका माणूस घाबरला की उगीच हसतो. आबांना ते खपायचं नाही. "दात काढू नका, रस्ता बघा!" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की अजूनही माझ्या खुर्चीवर कुणी पेशंट हसला तर मला ब्रेक दाबावासा वाटतो. स्वतः आबा हसायचे नाहीत. मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये सगळी वऱ्हाडी मंडळी फुललेली, आणि मधोमध हे, लायसनच्या फोटोला बसल्यासारखे. त्यांच्या पत्नी कुसुमकाकू म्हणायच्या, "लगीन झाल्यापासनं बघतीय, ह्यांचं दात मला फक्त जेवताना दिसलं." पुढे पान-तंबाखूने ते दातही गेले, मी कवळी करून दिली, तेव्हा काकूंनी सुधारणा केली, "आता जेवताना बी डॉक्टरांचंच दिसत्यात."

त्या कवळीवरही आबांची तक्रार होतीच. "डॉक्टर, ही शिव्या देताना निसटती."

"मग शिव्या कमी द्या."

"कवळी माझ्यासाठी हाय का मी कवळीसाठी?"

हे सगळं असं सुरळीत चिडचिडीत चाललेलं असताना एका सकाळी आबांच्या डाव्या पायाने ऐकायचं सोडलं. झटका सौम्य होता. बोलणं शाबूत राहिलं, हात शाबूत राहिले, आबा काठी घेऊन चालूही लागले. पण पाय नेमका क्लचचा. स्कूल बंद झालं, पांढरी गाडी गेली, आणि लाल 'एल'ची पाटी काकूंनी माळ्यावर टाकली. जावई पुण्याहून आला आणि म्हणाला, "बाबा, क्लच नसलेली गाडी घेऊ. गिअर आपोआप पडतात."

आबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "त्याला गाडी न्हाय म्हणत, पावणं. त्याला पाळणा म्हणत्यात."

तर या भल्या जावयाने, सासऱ्याच्या हातांना काही उद्योग असावा म्हणून, पुढच्या खेपेला रिमोटवर चालणारी शर्यतीची गाडी आणली. खेळणं म्हणू नका. मी एकदा म्हणालो होतो, आणि आबांनी महिनाभर मला रामराम घातला नाही. चार्ज होणारी बॅटरी, मुठीएवढी मोटार, खरे शॉक-अॅब्सॉर्बर, आणि सोडली की गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुत्री घरात.

आबांनी तिचं वरचं टपरं काढलं, आत डोकावले, आणि पहिला प्रश्न विचारला, "गिअर कुठाय?"

गल्लीच्या तोंडाशी इक्बालभाईंचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. शेतावरच्या पंपांच्या जळक्या मोटारी त्यांच्याकडे येतात. इक्बालभाई तारेपेक्षा गप्पा जास्त गुंडाळतात, त्यामुळे शेतकरी मोटार टाकून जातो आणि पीक निघाल्यावर न्यायला येतो. विजेच्या मोटारीतलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज असल्यामुळे आबांनी त्यांना बोलावलं.

"एकच गिअर हाय, आबा."

"एकच? म्हंजे पयला का चौथा?"

"तुमी लावाल तो."

इथे वाचकांना दोन ओळींचं शिक्षण देणं भाग आहे. डबी पडणार नाही याची काळजी घेतो. या गाडीच्या मोटारीच्या दांड्यावर एक लहान दातेरी चाक असतं, त्याला पिनियन म्हणतात. ते एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं, आणि ते मोठं चाक गाडीला पळवतं. पिनियन स्क्रू सैल करून बदलता येतं. जास्त दातांचं लावलं, की गाडी सरळ रस्त्याला पिसाटते, पण वळणातून उठताना रडते आणि मोटार तापते. कमी दातांचं लावलं, की वळणातून टुणकन उठते, मोटार गार राहते, पण सरळ रस्त्याला बाकीचे टाटा करत पुढे जातात. आणि खरी मेख ही, की हे सगळं शर्यतीच्या आधी ठरवायचं. एकदा गाडी सुटली की पाच मिनिटं जे लावलं असेल ते.

आबांना हे समजायला वेळ लागला नाही. पटायला मात्र कधीच पटलं नाही.

"जल्मभर लोकांला काय शिकवलं मी? वळणाआधी उतरवा, वळण सरलं की चढवा. आन् ही बया म्हणती, आदी ठरवा, मग तोंड मिटून बसा!"

आतून काकूंचा आवाज आला, "आमी बी तसंच ठरवून बसलोय. पाच मिनटांसाठी न्हाय, जल्मासाठी."

मग इक्बालभाईंनी गुणोत्तर काढलं. मोठ्या चाकाचे दात भागिले लहान चाकाचे दात. आकडा चार आला तर गाडी सावकाश, तीन आला तर वेगवान.

"आकडा मोठा आन् गाडी हळू?"

"व्हय."

"चौथ्या गिअरपरीस तिसरा पळतो?"

"आबा, हा त्यो आकडा न्हवं…"

"कुणी काढला हा हिशोब? त्याला म्हणावं हितं ये, माझ्या शेजारी बस, आन् कऱ्हाटीपतूर गाडी दावून दे!"

दुपारभर हे चाललं. शेवटी इक्बालभाई घामाघूम होऊन माझ्या दवाखान्यात येऊन पंख्याखाली बसले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पाच हॉर्सपॉवरची जळकी मोटार परवडली."

आमच्याकडे अशा गाड्या उडवणारे आठ-दहा हौशी निघाले. एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्याचं सिमेंटचं आवार होतं, तिथे राखणदाराला चहा पाजून दर रविवारी सकाळी शर्यत व्हायची. आवार लांबलचक, त्यामुळे सरळ रस्ता भरपूर. आबांना तोच दिसायचा. वळणं त्यांना दिसत नसत असं नाही, पण ज्याच्या हातून गिअरची दांडी गेलेली आहे त्या माणसाला निदान टॉपमध्ये तरी राहू द्या, असा काहीतरी हट्ट होता. दर रविवारी पिनियनला एक दात वाढायचा.

पहिल्या फेरीत आबांची गाडी सगळ्यांच्या पुढे. कंपाउंडाबाहेर थांबलेले मोटारसायकलवाले टाळ्या वाजवायचे. दुसऱ्या फेरीत वळणावर ती जरा अडखळायची, आणि आबा रिमोट हातात धरून डावा पाय आपटायचा प्रयत्न करायचे. "क्लच! क्लच दाब, भवाने!" तिसऱ्या-चौथ्या फेरीत वास यायचा, आणि मग गाडी आवाराच्या मधोमध, उन्हात निजलेल्या म्हशीसारखी, थांबायची. प्रत्येक रविवारी. आणि प्रत्येक रविवारी आबांना नवं कारण सापडायचं. बॅटरी भिकार आहे. सिमेंटवर धूळ आहे. राखणदार समोर उभा राहिला की वारं अडतं. एकदा तर लोणी भापकरच्या एका पाहुण्याने 'काय पळतीय हो!' म्हटल्यामुळे दृष्ट लागली. दातांचा दोष कधीच नाही.

इक्बालभाई मोटारीवर बोट टेकवायचे आणि चटका बसून मागे घ्यायचे. बोट टेकवून ठेवता आलं तर गिअर बरोबर, ही त्यांची परीक्षा होती. "आबा, एक दात काढा."

"दात काढायला मी खुळा हाय व्हय रं?"

बरं, इक्बालभाई तरी कुठे शहाणे! एकदा त्यांनी गाडी गार ठेवायच्या नादात इतक्या कमी दातांचं पिनियन लावलं, की राखणदाराचं मांजर गाडीबरोबर चालत गेलं. त्या दिवसापासून आबा त्यांचा सल्ला मांजराच्या नावाने हाणून पाडायचे.

या सगळ्याचा कडेलोट खरवसात झाला.

काकूंनी चिकाच्या दुधाचा खरवस करून फ्रीजमध्ये ठेवला होता. आबा शर्यतीवरून आले, मोटार नेहमीप्रमाणे भाजत होती, पुढची फेरी लगेच अंगणात घ्यायची होती. त्यांनी गाडी उचलली आणि फ्रीजमध्ये, खरवसाच्या पातेल्याशेजारी, थंड व्हायला ठेवली. संध्याकाळी आम्हा शेजाऱ्यांना वाट्या आल्या. पहिला घास घेतला आणि मला वाटलं आपण इक्बालभाईंचं दुकान चाटतोय. जळक्या वार्निशचा वेलचीयुक्त वास माझ्या टाळूवर दोन दिवस राहिला.

काकू ओरडल्या नाहीत. त्या ओरडत नाहीत तेव्हाच भीती वाटते. त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, ऐका. ती शिल्पा बी असल्याच गाड्या पळवती, तिनं इंदापूरला शर्यतीला बोलावलंय ना? जावा. मी बी येते. तितं गाडी शेवटपतूर पळून आपल्या चाकावर माघारी आली, तर ऱ्हाऊ दे घरात. मधीच निजली, तर जावयाची भेट म्हणून टाकायची न्हाय, पण माळ्यावर जाईल. पाटीच्या शेजारी."

'पाटीच्या शेजारी' ऐकल्यावर आबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्या पाटीवर त्यांचं अख्खं आयुष्य धूळ खात पडलं होतं, हे काकूंनाही ठाऊक होतं.

इंदापूरच्या आदल्या दिवशी आबा माझ्या दवाखान्यात आले. कवळी सैल झाली होती, नवीन करायला माप घ्यायचं होतं. खुर्चीवर बसले आणि छताकडे बघत म्हणाले, "ठरलं डॉक्टर. एक दात काढायचा."

मी सवयीने हातमोजे चढवले, आणि मग भानावर आलो. "आबा, तुमच्या तोंडात काढण्यासारखं काही शिल्लक नाही."

"तोंडातला न्हाय हो! गाडीतला!" त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "हिनं माळा झाडून घेतलाय, डॉक्टर. आज सकाळी. जागा केलीय."

एवढा मोठा शरणागतीचा क्षण मी माझ्या दवाखान्यात दुसरा पाहिलेला नाही, आणि माझ्याकडे लोक रडत येतात. मी माप घ्यायचा गुलाबी लगदा कालवला, साच्यात भरला आणि त्यांच्या तोंडात बसवला. लगदा घट्ट होईपर्यंत तोंड उघडं ठेवून गप्प राहायचं असतं. नेमका तेव्हाच त्यांचा फोन वाजला.

इक्बालभाई होते. गाडी त्यांच्या दुकानात होती आणि पिनियन बसवून ते दुकान बंद करणार होते. आबांनी मला न जुमानता फोन कानाला लावला, एक बोट हवेत उभं केलं आणि तोंडात लगद्यासकट गर्जना केली, "ए… आ… आढा! आढा!"

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. आबांनी मान जोरजोराने हलवली, जणू इक्बालभाई फोनमधून बघतायत. "हां! आढा!"

फोन ठेवला. माप वाकडं आलं, ते मी पुन्हा घेतलं. तोंड मोकळं झाल्यावर आबा म्हणाले, "सांगितलं एकदाचं," आणि उठले. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. काही गोष्टी आयुष्यात उशिरा का होईना कळतात, असा एक अत्यंत मूर्ख विचारही मनात येऊन गेला.

रविवारी सकाळी माझ्या गाडीतून आम्ही निघालो. मागे काकू, इक्बालभाई आणि त्यांच्या मांडीवर शालीत गुंडाळलेली गाडी. पुढे माझ्या शेजारी आबा. बसल्या बसल्या त्यांनी खिशातून चुन्याची डबी काढून माझ्या डॅशबोर्डवर उभी केली. मी इतक्या वर्षांचा अनुभवी चालक, पण गिअर टाकण्याआधी दोनदा डबीकडे बघितलं. उसाच्या ट्रॉल्यांमागून जपून जपून गाडी काढत भवानीनगर पार केलं, लासुर्णे पार केलं, आणि निमगाव केतकीच्या अलीकडे एका गतिरोधकावर डबी पडली.

"खर्रर्र डॉक्टर," आबा शांतपणे म्हणाले, "चला माघारी."

"माघारी बारामतीला?"

"अहो, गप बसा!" काकू मागून म्हणाल्या. "तुमची गाडी माघारी येती का बघू आदी."

इंदापुरात एका मंगल कार्यालयाच्या पटांगणात शर्यत होती. लग्नतिथी नव्हती, त्यामुळे पटांगण रिकामं. शिल्पाने आणि तिच्या मंडळींनी जुन्या टायरांच्या पट्ट्या मांडून रस्ता आखला होता, आणि काय रस्ता होता! जिलबी. सरळ तुकडा म्हणून जो काही होता तो नवरा-नवरीच्या खोलीपासून हात धुवायच्या नळापर्यंत. बाकी वळणंच वळणं. आबांनी तो रस्ता एकदा काठी टेकत चालून बघितला आणि माझ्या कानात म्हणाले, "बरं झालं काढला."

पाच-पाच मिनिटांच्या दोन फेऱ्या होत्या. पहिलीत आबांची गाडी सुटली, पहिल्या वळणाला रडली, दुसऱ्या वळणाला जास्त रडली. इतर गाड्या फुलपाखरासारख्या वळणातून उडत होत्या आणि आबांची गाडी प्रत्येक वेळी जड पाटी डोक्यावर घेतल्यासारखी उठत होती. आबांच्या कपाळावर शिरा आल्या. "असं का करती? काढलाय की! काढलाय की एक!" दीड-दोन मिनिटांत तो ओळखीचा वास आला. काकूंनी पदर नाकाला लावला. त्यांना खरवस आठवला असावा. गाडी नळाजवळ जाऊन निजली.

इक्बालभाईंनी टपरं काढलं. आबांनी चष्मा वर करून पिनियनचे दात मोजले, पुन्हा मोजले, आणि मग पटांगणातली कबुतरं उडाली.

"इक्बाल! वाढवला? एक दात वाढवला तू?"

"तुमीच म्हणला वाढा!"

"काढा म्हणलो, काढा!"

"वाढा म्हणला! मी दोनदा इचारलं, आबा, नक्की वाढवू का, तर तुमी म्हणला हां, वाढा!"

"माझ्या तोंडात डॉक्टरनं लगदा भरला होता!"

"मला काय फोनवर लगदा दिसतो व्हय? आन् एवढे महिने तुमी कधी काढा म्हणलाय? सपनात तरी म्हणलाय?"

आबांनी वर केलेला चष्मा खाली घेतला. खरं दुखणं हेच होतं. त्यांनी जन्मात पहिल्यांदा 'काढा' म्हटलं, आणि त्यांच्या तोंडून तो शब्द येईल यावर जगात कुणाचा विश्वासच राहिला नव्हता.

दुसरी आणि शेवटची फेरी अर्ध्या तासाने होती. लहान पिनियनं इक्बालभाईंनी आणलीच नव्हती. "लागतील कशाला, म्हणलं." काकू प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, हाताची घडी घालून. त्यांच्याकडे बघायची आबांची छाती होईना.

तेवढ्यात शिल्पा आली. पहिल्या फेरीत तीच जिंकली होती. पावडरीच्या जुन्या डबीतून तिने एक पिनियन काढून आबांपुढे धरलं. "सर, हे घ्या. माझं जादाचं हाय."

आबांनी ते डोळ्यांजवळ नेलं. "मी एक काढणार होतो, कर्रकर्र. हे तर लई कमी हाय."

"हाय की. जिलबी बघितली का तुमी?"

"आन् सरळ रस्त्याला?"

"सरळ रस्ता हितं हाय कुठं, सर?" ती अगदी शांतपणे म्हणाली. "तुमीच शिकवलंय. वळणाआधी उतरवा. डबी पडू देऊ नका."

मला वाटलं आता स्फोट होणार. आबांनी खाली बघितलं. मग हातातलं चाक त्यांनी इक्बालभाईंकडे दिलं आणि त्रासून म्हणाले, "लाव. लाव बाबा. मांजर बरूबर चाललं तर चालू दे."

इक्बालभाईंनी पिनियन बसवलं. दोन चाकांचे दात एकमेकांत फार घट्ट बसू नयेत म्हणून मध्ये कागदाची पट्टी घालून अंतर ठरवतात. पटांगणात कुठल्याशा लग्नातली अक्षतांची रिकामी पुडी पडली होती, तिचाच कागद घातला. शिट्टी व्हायच्या आधी आबांनी तोंडात बोटं घातली, कवळी काढली, रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली. "वरडावं लागणार," ते माझ्याकडे बघून फुसफुसले.

आणि पाच मिनिटं आबा ओरडले. ओरडण्यासारखंच होतं. नळाच्या त्या तुकड्यावर प्रत्येक गाडी त्यांना मागे टाकून जायची आणि त्यांचा जीव कासावीस व्हायचा. टॉप गिअरचा माणूस, आणि सगळ्यांच्या देखत सगळे पुढे जातायत! वळणं आली की त्यांची गाडी टुणटुण उठायची, कुणाच्या तरी शेपटीला जाऊन लागायची, आणि पुन्हा सरळ तुकडा आला की पुन्हा मागे. "चल की गं! चल की!" दातांशिवाय ते शब्द वाऱ्यासारखे निघत होते. डावा पाय क्लच शोधत होता. इक्बालभाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. दोन गाड्या एकमेकींवर आदळून टायरांच्या पट्टीवर चढल्या, आबांची त्यांना वळसा घालून गेली. वास नाही. धूर नाही. शेवटची शिट्टी झाली तेव्हा आबांची गाडी, जेवढ्या पळत होत्या त्या सगळ्यांच्या मागून, अगदी शेवटी, पण पळत, रेषेवरून आली आणि त्यांच्या चपलेपाशी येऊन थांबली.

शिल्पा पुन्हा जिंकली होती. तिकडे टाळ्या चालल्या होत्या. इकडे कुणी हललं नाही, कारण कुसुमकाकू खुर्चीतून उठल्या होत्या.

त्या आल्या, वाकल्या, टपरं बाजूला केलं, आणि मोटारीवर बोट टेकवलं. टेकवून ठेवलं. आबा काठीवर दोन्ही हात ठेवून बायकोच्या त्या एका बोटाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते बघणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पुढे त्यांना रोज समोरच्या ओट्यावर बघितलं, पण आबा म्हटलं की मला ते पटांगण, ती काठी, शर्टाच्या खिशाला आलेला कवळीचा फुगवटा आणि तेच बघणं आठवतं.

काकूंनी बोट काढलं नाही. "गार हाय," त्या म्हणाल्या. "चला घरी. माळ्यावर मी कांदं ठेवीन."

आणि मग त्यांनी मान वर करून नवऱ्याच्या फुललेल्या बोळक्या तोंडाकडे बघितलं, आणि दोन्ही हात गालांना लावून पटांगणभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "अगं बाई! ह्यांनी दात काढलं!"